टाके निघाल्यानंतर

माझ्या थोरल्या बहिणीने वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी दोन्ही डोळ्यांच्या वरच्या पापण्यांची शस्त्रक्रिया करून घेतली. त्यावरून आमच्या घरात, तिच्या सोसायटीत आणि ती दर शनिवारी ज्या वाचनकट्ट्यावर जाते तिथे असा वाद पेटला, की तिने बोटभर कातडी कापली की घराण्याची अब्रू, असा प्रश्न पडावा. एका बाजूचे म्हणणे असे, की शरीर तिचे आहे, पैसा तिच्या निवृत्तीचा आहे, आता तिचा आत्मविश्वास वाढेल आणि ती आनंदी होईल, तेव्हा इतरांनी यात नाक खुपसू नये. दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे, की माणूस आतून समाधानी असला की त्याला असले काही सुचत नाही. या वयात आरशापुढे उभे राहून सुरकुत्या मोजणे हे एकटेपणाचे, कदाचित नैराश्याचे लक्षण आहे आणि त्यावरचा इलाज सर्जनकडे नाही. दोन्ही बाजू हिरीरीने भांडतात, पण दोन्हींचा पाया एकच आहे आणि तो कच्चा आहे. पापणी आणि मन यांच्यामध्ये थेट नळ जोडलेला आहे, असे दोघेही धरून चालतात. एकाच्या मते पापणी उचलली की त्या नळातून सुख वाहू लागते. दुसऱ्याच्या मते मनातला गाळच त्या नळातून वर येऊन पापणीवर साचलेला असतो.

माझे मत सुरुवातीलाच सांगून टाकतो. शस्त्रक्रिया सफाईदार झाली आहे असे गृहीत धरले, तर तिच्यानंतर माणसाला बरे वाटते की नाही हे तीन गोष्टींवर ठरते: त्याने तिच्याकडून काय मागितले होते, त्याचा मूळ स्वभाव कसा आहे आणि टाके निघाल्यानंतरचे दिवस तो कसे निभावतो. या तिन्ही गोष्टी सुरी हातात घेण्याआधी बऱ्याच अंशी ताडता येतात. म्हणून ‘करावी की करू नये’ यावर घसा कोरडा करण्यापेक्षा ‘आधी काय विचारले आणि कोणी विचारले’ हा प्रश्न लावून धरणे अधिक उपयोगाचे आहे. मनाची ही विचारपूस रक्तदाब मोजण्याइतकीच सक्तीची असली पाहिजे. आज ती डॉक्टरच्या मर्जीवर आहे.

आधी या शस्त्रक्रियेचे माप नीट घेऊ, कारण वाद घालणाऱ्यांपैकी कितीतरी जणांना ती चेहरा बदलून टाकणारी काहीतरी अघोरी गोष्ट वाटते. वय वाढते तशी पापणीची त्वचा सैलावते, भुवई थोडी खाली उतरते, डोळ्याभोवतीची चरबी आपली जागा सोडून पुढे येते आणि वरच्या पापणीची घडी झाकली जाते. सर्जन रुग्णाला ताठ बसवून पेनने खुणा करतो, जागेवर भुलीचे इंजेक्शन देतो, जादा त्वचेची पट्टी काढतो आणि केसाएवढ्या बारीक दोऱ्याने टाके घालतो. काम तासाभराचे, टाके पाच-सात दिवसांत निघतात. ‘ब्लेफरोप्लास्टी’ हे नाव जर्मन सर्जन कार्ल फर्डिनांड फॉन ग्रेफे यांनी १८१८ मध्ये वापरले, ते कर्करोगाने गेलेली पापणी पुन्हा घडवण्याच्या संदर्भात. पण तंत्राची कल्पना त्याहून कितीतरी जुनी आहे. पापणीचे केस आत वळून डोळ्याला टोचत असतील तर वरच्या पापणीवरची जवाच्या दाण्यासारखी कातडी काढून ती केसाने शिवावी, असे सुश्रुताच्या उत्तरतंत्रात सांगितले आहे. आज मात्र ही शस्त्रक्रिया प्रामुख्याने दिसण्यासाठी केली जाते. सौंदर्यशस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जनांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या अंदाजानुसार २०२४ मध्ये जगभरात अशा २१ लाखांहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या आणि चरबी शोषून काढण्याच्या लायपोसक्शनला मागे टाकून पापणीने पहिला क्रमांक पटकावला. तेव्हा हा नटनट्यांचा चोचला आहे, असे म्हणण्याचे दिवस गेले.

शिवाय ‘गरज’ आणि ‘हौस’ यांच्यामधली जी रेघ वादात इतक्या ठामपणे ओढली जाते, ती प्रत्यक्षात कुठून जाते? ताईची पापणी इतकी ओघळली होती की वाचताना ती नकळत कपाळ वर ताणून धरी आणि संध्याकाळपर्यंत तिचे डोके जड होई. तिची दृष्टिक्षेत्राची तपासणी झाली, तेव्हा मी दाराशी उभा होतो. पांढऱ्या वाटीसारख्या यंत्रात हनुवटी टेकवायची, समोर नजर रोखायची आणि कडेला ठिपका चमकला की बटण दाबायचे. हे एकदा पापणी आहे तशी ठेवून आणि एकदा ती चिकटपट्टीने वर धरून. पट्टी लावल्यावर तिला वरच्या बाजूचे आणखी काही ठिपके दिसले. ते किती, याचा कागद विमा कंपनीकडे गेला आणि हे सौंदर्यासाठीच आहे, असे उत्तर आले. करव्यवस्थाही हीच रेघ मानते. वैद्यकीय सेवेला जीएसटीतून सूट आहे, पण सौंदर्यशस्त्रक्रियेला नाही. जन्मजात व्यंग, वाढीतला दोष किंवा अपघात यांमुळे बिघडलेले रूप अथवा कार्य पूर्ववत करायचे असेल तरच ती मिळते. कागदावर ही रेघ स्पष्ट आहे. ताईच्या पापणीवर ती मला कुठे दिसली नाही. तंत्रज्ञ मुलगी पट्टी काढायला आली, तेव्हा ताई म्हणाली, “अजून थोडा वेळ राहू दे गं.”

आणि तिचे खरे कारण ठिपक्यांच्या पलीकडचे होते, हेही मी लपवणार नाही. ते तिने मला परतताना रिक्षात सांगितले. “नातीच्या बारशाच्या प्रत्येक फोटोत मी आत्ताच रडून आल्यासारखी दिसते. भाजीवाल्यापासून विहीणबाईंपर्यंत जो तो विचारतो, बरं नाही का? अरे, मला बरं आहे. ते दर वेळी सांगायचा कंटाळा आलाय.” हे वाक्य लक्षात ठेवावे, कारण माझा सगळा युक्तिवाद त्याच्याभोवती फिरतो.

शस्त्रक्रियेच्या बाजूने असणाऱ्यांचा सर्वांत भक्कम मुद्दा असा, की चेहऱ्याचे दुखणे हे मनाचेही दुखणे असते आणि चेहरा दुरुस्त केल्याने मनाला खरोखर उतार पडतो. हा मुद्दा मी पूर्ण मान्य करतो. त्याची साक्ष आपल्याच गावात आहे. इंग्रजांच्या सैन्यासाठी बैलगाडी हाकणारा कावसजी टिपूच्या हाती सापडला, त्याचे नाक आणि एक हात कापला गेला आणि वर्षभराने पुण्याजवळ एका कारागीर जातीच्या माणसाने कपाळाची कातडी वळवून त्याला नवे नाक बसवले. दोन इंग्रज डॉक्टरांनी पाहिलेल्या या शस्त्रक्रियेची हकिकत लंडनच्या एका मासिकात ऑक्टोबर १७९४ मध्ये छापून आली आणि युरोपातल्या प्लास्टिक सर्जरीला तिने नवी दिशा दिली. नाक नसताना कावसजी जगत होताच, श्वासही घेत होता. मग त्याला नाक कशाला हवे होते? कापलेले नाक ही त्या काळी शिक्षेची खूण होती आणि ती खूण घेऊन त्याला चारचौघांत वावरायचे नव्हते. शंभर वर्षांनी बर्लिनमध्ये जाक योझेफ या तरुण डॉक्टरने, पुढे आलेल्या कानांवरून शाळेत चिडवले जाते म्हणून शाळेला जायला तयार नसलेल्या एका मुलाचे कान १८९६ मध्ये दुरुस्त केले. शस्त्रक्रिया यशस्वी झाली आणि योझेफ यांची नोकरी गेली. रोग नसताना नुसत्या दिसण्यासाठी सुरी चालवली, हा ठपका होता. दिसण्यामुळे होणारा मनस्ताप हाही वैद्यकाचा विषय आहे, हे म्हणणे त्यांनी तरीही सोडले नाही, आणि ते बरोबर होते. आपल्या वाचनकट्ट्यावरचे ‘मन खंबीर ठेवावे’ हे पालुपद त्या मुलाला ऐकवून पाहावे.

अलीकडचा पुरावाही त्याच बाजूला झुकतो. जर्मनीत बोखुम इथल्या संशोधकांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सौंदर्यशस्त्रक्रिया करून घेतलेल्या ५४४ जणांची तुलना अशाच २६४ जणांशी केली, ज्यांना ती करायची होती पण त्यांनी केली नाही. वर्षभराने पहिल्या गटातील लोक अधिक समाधानी, अधिक आनंदी आणि स्वतःबद्दल अधिक बरे मत असलेले आढळले. एवढ्यावर वाद संपायला हवा होता. पण सरासरी ही फसवी चीज आहे. एका गुडघाभर आणि एका पुरुषभर खोल डोहाची सरासरी काढली तर दोन्हींत निर्धास्त उतरता येईल. नॉर्वेत तरुण स्त्रियांच्या मोठ्या गटाचा वर्षानुवर्षे पाठपुरावा झाला. त्या १,५९७ जणींपैकी ७८ जणींनी दरम्यान कुठली ना कुठली सौंदर्यशस्त्रक्रिया करून घेतली होती. ज्यांना आधीपासून नैराश्य आणि चिंता यांचा त्रास होता त्या शस्त्रक्रियेकडे अधिक वळल्या, आणि नंतर त्यांची ही लक्षणे इतर जणींपेक्षा अधिक वाढलेली दिसली. एका अभ्यासात उतार, दुसऱ्यात चढ. मग खोटे कोण बोलते आहे? कोणीच नाही. दोघांनी वेगवेगळी माणसे मोजली. अशा ३७ अभ्यासांचा एक आढावा २००४ मध्ये घेतला गेला, त्याचा निष्कर्षही असाच आहे. बहुतेक जण खूश असतात. नाखूश राहण्याचा धोका अधिक असतो तो वयाने लहान असलेल्यांना, पुरुषांना, अगदी किरकोळ दोषासाठी आलेल्यांना, आधीच्या शस्त्रक्रियेवर असमाधानी असलेल्यांना, एखादे नाते वाचवण्यासाठी सुरीखाली जाणाऱ्यांना, आणि नैराश्य, चिंता किंवा व्यक्तिमत्त्वाचा विकार असलेल्यांना. (पुरुषांचे नाव या यादीत पाहून आमच्या कट्ट्यावरचे दोन काका बरेच अस्वस्थ झाले.) या यादीतले काहीही पापणीच्या आकारावरून कळणारे नाही. बोलल्याशिवाय ते कळत नाही.

‘स्वभाव’ हा शब्द वादात शिवीसारखा वापरला जातो, म्हणून तो जरा उलगडतो. मानसशास्त्र स्वभाव मोजते तेव्हा चांगला-वाईट असा शेरा मारत नाही. लहानशा धक्क्याने मन किती हलते आणि हललेले मन किती वेळात ठिकाणावर येते, हे ते पाहते. एखाद्याला भाजीत मीठ कमी पडले तर तो वरून घालून घेतो. दुसऱ्याचा त्यावरून दिवस जातो. दोघेही निरोगी आहेत, पण टाक्यांच्या जागी एका बाजूला अर्धा मिलिमीटर फुगवटा राहिला, तर दोघांचे पुढचे सहा महिने सारखे जाणार नाहीत. परिपूर्णतेच्या हव्यासाचेही प्रकार असतात. कॅनडातील मानसशास्त्रज्ञ पॉल ह्यूइट आणि गॉर्डन फ्लेट यांनी १९९१ मध्ये ते वेगळे करून दाखवले: स्वतःकडून परिपूर्णतेची अपेक्षा करणे, इतरांकडून करणे, आणि इतर लोक आपल्याकडून तशी अपेक्षा करतात असे धरून जगणे. सर्जनला सर्वांत जड जातो तो तिसरा प्रकार, कारण तिथे मोजपट्टी रुग्णाच्या हातात नसते, ती लोकांच्या डोळ्यांत असते आणि लोकांच्या डोळ्यांवर शस्त्रक्रिया करता येत नाही. याच्याही पुढची पायरी म्हणजे इटालियन मनोविकारतज्ज्ञ एन्रिको मोर्सेली यांनी १८९१ मध्ये वर्णन केलेला विकार, ज्याला आज बॉडी डिस्मॉर्फिक डिसॉर्डर म्हणतात. इतरांना दिसतही नाही असा दोष यात माणसाचे आयुष्य व्यापून टाकतो. सर्वसाधारण लोकांत तो शंभरात दोघांच्या आसपास आढळतो. सौंदर्यशस्त्रक्रियेच्या दवाखान्यांत मात्र त्याच्या कितीतरी पट, कारण ज्याला आपला चेहरा असह्य होतो तो आधी सर्जनचेच दार ठोठावतो. त्याची शस्त्रक्रिया केली की तक्रार बहुधा मिटत नाही, ती मुक्काम हलवते: पापणीवरून नाकावर, नाकावरून हनुवटीवर.

याचे मूळ कुठे आहे, हे दाखवणारा एक प्रयोग अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात रॉबर्ट क्लेक आणि अँजेलो स्ट्रेंटा यांनी केला आणि १९८० मध्ये प्रसिद्ध केला. सहभागी व्यक्तीच्या गालावर रंगभूषेने व्रण काढला, तो तिला आरशात दाखवला आणि मग तो टिकावा म्हणून मलम लावतो, असे सांगून तिच्या नकळत पुसून टाकला. व्रण नसलेल्या चेहऱ्याने ती अनोळखी माणसाशी बोलायला गेली आणि परत येऊन सांगू लागली, की समोरचा ताणाखाली होता, व्रणामुळे नीट वागत नव्हता. व्रण गेला होता. व्रणाची जाणीव गेली नव्हती. आता हाच प्रयोग उलटा करून पाहा. डोळ्यावरची पापणी खरोखरच उचलली, पण मनातली पापणी खालीच राहिली तर? ‘मी थकलेली, नकोशी दिसते’ ही खात्री घेऊनच ती बाई सभेत बसणार, आणि कोणी घड्याळ पाहिले तरी ते तिलाच कंटाळून पाहिले असे तिला वाटणार. प्रयोगातल्या माणसाप्रमाणे तीही खोटे बोलत नसेल.

यातून माझ्या हाती एक कसोटी लागते. नवी चप्पल चावायची थांबली की पाय आठवत नाही. पापणीची शस्त्रक्रिया ज्यांना लाभते त्यांचे तसेच होते. वर्षभराने त्यांना आपला चेहरा अधिक सुंदर वाटत असेल-नसेल, पण त्यांना तो दिवसभर आठवत नाही. उलट ज्यांना चेहऱ्याकडून आणखी काही हवे असते, म्हणजे नवऱ्याचे लक्ष, बढती, गेलेली वीस वर्षे, त्यांना तो शस्त्रक्रियेनंतर अधिकच आठवू लागतो, कारण आता त्यात पैसा आणि वेदना गुंतलेली असते आणि परतावा मोजायचा असतो. ताईचे मागणे पाहा. तिला ‘बरं नाही का’ हा प्रश्न थांबवायचा होता. मागणे इतके लहान होते, की एक तासाची शस्त्रक्रिया ते पुरवू शकत होती.

तिसरा भाग, निभावण्याचा, सर्वांत दुर्लक्षित आहे. दवाखान्यातून निघताना मिळालेल्या कागदावर थेंब कधी घालायचे, डोके किती उंच ठेवायचे, रक्त पातळ करणारी गोळी कधी सुरू करायची, हे सगळे होते. अचानक दुखून नजर अंधूक झाली तर तत्काळ या, हेही ठळक छापले होते, आणि ते योग्यच, कारण डोळ्यामागे रक्तस्राव होण्याचा धोका दोन हजारांत एखाद्याला असला तरी तो टाळाटाळ करण्यासारखा नाही. पण तिसऱ्या दिवशी आरशात काय दिसेल आणि ते पाहून मनाचे काय होईल, याबद्दल त्यावर एक ओळ नव्हती. तिसऱ्या दिवशी ताईचा उजवा डोळा डाव्यापेक्षा अधिक सुजलेला होता आणि जांभळा डाग गालापर्यंत उतरला होता. तिने बेसिनवरच्या कपाटाचे आरशाचे दार उघडून भिंतीकडे फिरवून ठेवले, ते टाके निघेपर्यंत तसेच राहिले. बर्फाच्या पाण्यात पिळलेला रुमाल डोळ्यांवर ठेवून ती रेडिओ ऐकत पडून राही. फोनवर कोणी चौकशी केली की म्हणे, “मुष्टियोद्ध्यासारखी दिसतेय, आठवड्याने ये.” रिचर्ड लाझरस आणि सुझन फोकमन यांनी १९८४ मध्ये ताणाला तोंड देण्याच्या तऱ्हांची जी मांडणी केली, तिच्यात प्रश्नावर उपाय करणे आणि प्रश्नाने उठलेली भावना सांभाळणे अशा दोन बाजू आहेत, ताईने ते पुस्तकी ज्ञान नसताना रुमालाने पहिली आणि थट्टेने दुसरी सांभाळली. दुसरी एखादी बाई त्याच सात दिवसांत काळा चष्मा लावून खोलीत बसेल, दर तासाला मोबाइलवर दोन्ही डोळ्यांचे फोटो काढून ताडून पाहील, रात्री परक्यांच्या बिघडलेल्या पापण्यांची चित्रे शोधील. कोणाचेच दोन डोळे तंतोतंत सारखे नसतात, पण शस्त्रक्रियेआधी ते मोजायला आपण बसत नाही, नंतर बसतो. व्रण मऊ पडून रंगात मिसळायला कित्येक महिने लागतात आणि तेवढे महिने धीर धरणे हे कौशल्य आहे. ते ज्याच्याकडे कमी आहे त्याला ते आधी शिकवता येते, निदान त्याला एक फोन नंबर देता येतो.

याच दवाखान्यातल्या प्रतीक्षाकक्षात आमच्या शेजारी एक तिशीतली बाई बसली होती. नाक आणि हनुवटी झाली होती, आता पापणी. मोबाइलमध्ये तिने स्वतःच्या चेहऱ्याचे शेकडो फोटो तारखेवार लावून ठेवले होते आणि त्यांतले काही ती ताईला उत्साहाने, पण डोळ्यांत पाणी आणून दाखवत होती. ती आत गेली आणि दहा मिनिटांत तारीख घेऊन बाहेर आली. आत काय बोलणे झाले मला माहीत नाही, आणि तिच्या मनाचे निदान करणारा मी कोणी नाही. पण दोघींनी भरलेला छापील अर्ज एकच होता: मधुमेह, रक्तदाब, अ‍ॅस्पिरिन, अ‍ॅलर्जी, डोळ्यांचा कोरडेपणा. ‘हे तुम्हाला कशासाठी हवे आहे’ असा रकाना त्यात नव्हता.

इथे स्वातंत्र्यवाद्यांचा आक्षेप येतो आणि तो हलका नाही. सज्ञान माणसाने स्वतःच्या पापणीसाठी मानसिक स्वास्थ्याचा दाखला का द्यायचा? मुलगी दाखवण्याच्या कार्यक्रमाआधी तिचा चष्मा लेसरने घालवणाऱ्या घरांत कोणी कधी मानसोपचारतज्ज्ञ गाठला आहे का? दातांना तारा लावणाऱ्या, केस काळे करणाऱ्या निम्म्या महाराष्ट्राला आपण वेडे ठरवतो का? हा दुटप्पीपणा खरा आहे आणि मी त्याचे समर्थन करत नाही. पण विचारणे म्हणजे परवानगी मागायला लावणे नव्हे. भूलतज्ज्ञ रक्तदाब विचारतो, तेव्हा आपला अपमान झाला असे कोणाला वाटत नाही. रक्तदाब वाढलेला निघाला तर तो शस्त्रक्रिया कायमची रद्दही करत नाही, आधी औषध घ्या म्हणतो. मनाच्या बाबतीतही उत्तर क्वचितच ‘नाही’ असे येईल. बहुधा ते ‘थांबा’ किंवा ‘यातून एवढेच मिळेल’ असे असेल. ऑस्ट्रेलियात १ जुलै २०२३ पासून हेच नियमाने बांधले आहे. सौंदर्यशस्त्रक्रियेसाठी आधी फॅमिली डॉक्टरची चिठ्ठी लागते, प्रमाणित प्रश्नावलीने मनाची चाचपणी करावी लागते, किमान दोन भेटी व्हाव्या लागतात आणि संमती दिल्यावर निदान सात दिवस थांबावे लागते. त्याने कोणाचे स्वातंत्र्य हिरावले गेले? सात दिवसांत ज्याचा विचार बदलतो, त्याचा तो निर्णय किती पक्का होता? प्रश्नावलीत खोटी उत्तरे देता येतात आणि तालुक्याच्या गावी मानसशास्त्रज्ञ मिळत नाही, हेही मला मान्य आहे. पण सर्जनने स्वतः वीस मिनिटे समोर बसून ‘वर्षभराने काय वेगळे असेल असे तुम्हाला वाटते?’ एवढे विचारायला मानसशास्त्रज्ञ लागत नाही, आणि आठवडाभर थांबायला तर काहीच लागत नाही.

दुसरा आक्षेप समाजाच्या बाजूने येतो, आणि तो मला अधिक अस्वस्थ करतो. प्रत्येक उचललेली पापणी न उचललेल्या पापण्यांवरचा दबाव वाढवते. पूर्व आशियात हे ढळढळीत दिसते. घडी नसलेल्या पापणीवर घडी पाडण्याच्या शस्त्रक्रियेचे पहिले वर्णन जपानमध्ये मिकामो यांनी १८९६ मध्ये केले; युद्धानंतर कोरियात गेलेल्या राल्फ मिलार्ड या अमेरिकी सर्जनने ती तिथे केली आणि त्यावर लिहिले; आज सेऊलच्या गंगनम भागात अशा दवाखान्यांच्या रांगा आहेत. नोकरीच्या अर्जावर फोटो चिकटवण्याची रीत जिथे रुळलेली होती, तिथे ही ‘वैयक्तिक निवड’ कितपत वैयक्तिक राहते? तिथल्या सरकारने २०१७ मध्ये सार्वजनिक क्षेत्रातील भरतीसाठी फोटोविना अर्ज आणले, ते याचसाठी. हा फरकही लक्षात घ्यावा, की ताईसारख्यांना पूर्वीसारखे दिसायचे असते, तर विशीतल्या कोरियन मुलीला बहुधा वेगळे दिसायचे असते. आपण कोण आहोत या प्रश्नाशी दुसरे मागणे अधिक गुंतलेले आहे आणि म्हणून ते अधिक जपून हाताळले पाहिजे.

तरी या आक्षेपाचे बिल एका रुग्णाच्या नावे फाडणे मला मान्य नाही. अमेरिकेत २०१५ मध्ये एका चमूने चेहऱ्याची शस्त्रक्रिया झालेल्या ३० स्त्रियांचे आधीचे आणि नंतरचे फोटो परक्यांना दाखवून त्यांचा स्वभाव विचारला. नंतरच्या फोटोंत त्या अधिक मनमिळाऊ, अधिक लाघवी ठरल्या. माणसे तीच होती. शेरे बदलले होते. ओघळलेली पापणी पाहून ‘ही खडूस दिसते’ असे ठरवणारे आपण, आणि तीच पापणी उचलली की ‘हिला दिसण्याची फार हौस’ म्हणणारेही आपणच. ताईला वाचनकट्ट्यावर चोखोबांचा दाखला देण्यात आला: ऊस वाकडा असला तरी रस वाकडा नसतो. दाखला खरा आहे, पण तो कोणाला उद्देशून आहे? चोखोबा वरच्या रंगाला भुलणाऱ्याला बजावत आहेत, म्हणजे पाहणाऱ्याला. उसाला त्यांनी एका शब्दाने दुखावलेले नाही. आम्ही मात्र तो दाखला उसालाच सुनावत बसलो होतो.

महिन्याभराने शेवटच्या तपासणीला मी पुन्हा बरोबर गेलो. घडीवरची रेघ अजून गुलाबी होती, पण जवळ जाऊन पाहिल्याशिवाय कळत नव्हती. स्वागतकक्षातल्या मुलीने एक अभिप्रायाचा कागद पुढे केला, त्यात एकच प्रश्न होता: ‘आपण समाधानी आहात का? होय / नाही’. ताईने पेन हातात घेतले आणि विचारले, “कशाबद्दल?” मुलगी गोंधळली. “डोळ्यांबद्दलच, मॅडम.” “एवढंच ना?” म्हणत ताईने ‘होय’वर खूण केली आणि मला रिक्षा बघायला पिटाळले.